लेकरू वाढत नाही म्हणता? आधी काटा तपासा, दूध नंतर

"ताई, लेकरू वाढूनच नाही राह्यलं वो," हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा आठवडा जात नाही. मी आशांची, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांची, गटप्रवर्तक. यवतमाळ जिल्ह्यातल्या वीसेक आशांसोबत बाळंतिणींच्या घरी जाणं हे माझं रोजचं काम. बहुतेक घरांत चूक एकच असते, क्रमाची. आधी वरचं दूध सुरू होतं, मग गुटी, मग दृष्ट काढणं, मग तालुक्याचा डॉक्टर, आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी नीट वजन करतं. तोवर आईचं दूध खरोखरच आटायला लागलेलं असतं.

खालचे टप्पे फक्त अंगावर पिणाऱ्या, सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी आहेत. टप्पा गाळू नका, पुढचा आधी करू नका.

## यातलं एकही असेल तर टप्पे बाजूला ठेवा, दवाखाना गाठा

- बाळ पितच नाही, किंवा दोन घोट घेऊन गळून जातं, उठवूनही नीट उठत नाही.
- दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त. पूर्ण एक मिनिट मोजा. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल तरीही.
- अंग तापलेलं, किंवा पोट-पाय थंडगार. झटके.
- सहा-आठ तासांत शू नाही, टाळू खोल गेलेली.
- पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेला.
- हिरवी उलटी, शीतून रक्त.
- पिताना कपाळावर घाम सुटतो, धाप लागते, ओठ निळसर होतात.

१०८ ला फोन करा. एक वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात न्यायला १०२ ची गाडीही मोफत मिळते. वाटेत बाळाला आईच्या छातीशी, कपड्याच्या आत धरा. नवजात बाळ एप्रिल-मे सोडला तर आपल्याकडेही गार पडतं, पहाटेच्या गाडीत तर नक्की.

## तयारी

माता-बाल संरक्षण कार्ड शोधून काढा. ते बहुधा लोखंडी पेटीत, कपड्यांच्या खाली असतं. दवाखान्यातून सुटी मिळाली तेव्हाचा कागदही काढा, त्यावर जन्माचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. एक वही, पेन, दोन वाट्या, मूठभर तूर, मूठभर हरभरा आणि दुकानातून एक किलो मिठाचा बंद पुडा. मीठ कशाला, ते पुढं येतंच.

आशाताईला निरोप द्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते आणि वजन करते. ते आकडे तिच्याकडे असतात. मागून घ्या, वहीत उतरवा.

## टप्पा १: काट्याचं वजन करा, मग बाळाचं

यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण निम्मी काळजी इथंच संपते.

मागच्या हिवाळ्यात एका घरी चार महिन्यांच्या पोरीसाठी डब्याचं दूध आणायला बाप मोटारसायकलवर निघालाच होता. कार्डावर डिसेंबरचं वजन ५.६०० किलो, जानेवारीचं ५.६५०. महिनाभरात पन्नास ग्रॅम! आजीनं तर हंबरडाच फोडला होता. मी विचारलं, डिसेंबरात वजन केलं तेव्हा अंगावर काय होतं? स्वेटर, टोपरं, पायमोजे, दुपटं आणि चांदीचे वाळे. थंडी होती ना. जानेवारीत मात्र नवी आशा शिस्तीची, तिनं लेकराला उघडं करून तोललं. ते सगळं सामान गाठोड्यात बांधून आम्ही त्याच काट्यावर ठेवलं. भरलं ४१० ग्रॅम. म्हणजे पोर ५० नाही, ४६० ग्रॅम वाढली होती, त्या वयाला रास्त. मोटारसायकल परत अंगणात लागली.

असं करा:

१. काटा एकच ठरवा. अंगणवाडीतला लटकता काटा बहुधा शंभर-शंभर ग्रॅमच्या रेघांचा असतो, आठवड्याचा फरक त्यावर नीट दिसतच नाही. उपकेंद्रातला किंवा अंगणवाडीतला बाळांचा डिजिटल काटा मागा. दवाखान्यातलं वजन एका काट्यावरचं आणि गावातलं दुसऱ्यावरचं असेल, तर त्या दोन आकड्यांची वजाबाकी करू नका.

२. काटा सपाट फरशीवर ठेवा. शेणानं सारवलेल्या जमिनीवर तो डुगडुगतो. खाली पाट घ्या.

३. रिकामा काटा शून्यावर आणा. खाली कापड टाकायचं असेल तर ते आधी टाका, मग शून्य करा.

४. मिठाचा पुडा ठेवा. हजाराच्या आसपास, पिशवीचे पाच-दहा ग्रॅम धरून, आकडा आला पाहिजे. नऊशे वीस दाखवत असेल तर त्या काट्यावर विसंबू नका.

५. बाळाला पूर्ण उघडं करा. लंगोट, करगोटा, वाळे, ताईत, सगळं. करगोटा काढायला घरचे तयार नसतील तर राहू द्या, पण मग दर वेळी राहू द्या.

६. वेळ एकच ठेवा. सकाळी, पाजण्याआधी.

थांबा, बघा: दोनदा तोला. दोन आकड्यांत वीस ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर बाळ हलतंय किंवा काटा हलतोय. तिसऱ्यांदा तोला.

रोज वजन करू नका. पोटात दूध आहे की नाही, शी झाली की नाही, एवढ्यानंही पन्नास-शंभर ग्रॅम इकडंतिकडं होतात. आठवड्यातून एकदा पुरे.

## टप्पा २: गणित कुठून सुरू करायचं

जन्माच्या वजनापासून नाही. इथं शिकलेलेही चुकतात.

पहिल्या तीन-चार दिवसांत जवळजवळ प्रत्येक बाळ थोडं उतरतं. सात टक्क्यांपर्यंत सर्रास उतरतं. दहा टक्क्यांच्या पुढं गेलं तर त्याच दिवशी दवाखाना. दहा ते चौदा दिवसांत बाळ जन्माच्या वजनावर परत आलं पाहिजे. चौदाव्या दिवशीही आलं नसेल तर टप्पे करत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

समजा बाळ जन्मलं २.९०० चं. तिसऱ्या दिवशी २.६८०. अठ्ठावीसाव्या दिवशी ३.१३०. घरचे म्हणतात, महिनाभरात २३० ग्रॅम, म्हणजे दिवसाला आठ! पण वाढ सुरू झाली तिसऱ्या दिवसापासून. २५ दिवसांत ४५० ग्रॅम, दिवसाला १८. हा आकडाही थोडा कमीच आहे, काम करावं लागेल, पण आठ आणि अठरात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिले तीन महिने दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ ठीक. तीन ते सहा महिन्यांत वेग आपोआप उतरतो, १५ ते २० वर येतो. चौथ्या महिन्यात "दूध कमी पडून राह्यलं" अशी जी ओरड होते, ती बरेचदा या नैसर्गिक उतारामुळं. शेजारचं डब्याच्या दुधावरचं बाळ त्याच वयात गुबगुबीत दिसतं आणि तुलना सुरू होते. करू नका. कार्डातला आलेख जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांवर आहे, आणि ती मानकं अंगावर पिणाऱ्या बाळांवरूनच ठरवलेली आहेत. मुलीचा गुलाबी, मुलाचा निळा. आपल्या बाळाचा ठिपका त्यावर मांडा.

एका ठिपक्यावरून काही कळत नाही. किमान तीन ठिपके जोडा आणि रेघ बघा. रेघ खालच्या पट्ट्यात असली तरी छापील रेघेसोबत वर चढत असेल तर बाळ मुळातच लहान चणीचं असू शकतं. रेघ आडवी झाली किंवा खाली वळली तर मात्र ठिपका हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या, पट्ट्यात असला तरी पुढचे टप्पे आजच सुरू करा.

नववा लागायच्या आधी जन्मलेल्या किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा हिशोब घरी करू नका. आशाताई आणि डॉक्टरसोबत करा.

## टप्पा ३: चोवीस तास, तूर आणि हरभरा

पोटात किती गेलं हे दिसत नाही, बाहेर काय आलं ते दिसतं. बाळाजवळ दोन वाट्या ठेवा. शू झाली की एका वाटीत तुरीचा दाणा, शी झाली की दुसरीत हरभऱ्याचा. अक्षर न येणारी आजीही हा हिशोब बिनचूक ठेवते. खरं तर तीच ठेवते. वाट्या उंचावर ठेवा, मोठं भावंड दाणे नाकात घालतं.

हे २४ तास डायपर नको, सुती लंगोट. ओला झालेला लगेच कळतो.

पाच-सहा दिवसांच्या पुढच्या बाळाला चोवीस तासांत तुरीचे सहा किंवा जास्त दाणे, आणि शू पांढरी-फिकट. गर्द पिवळी, वासाची असेल तर दूध कमी जातंय. शी पाचव्या दिवसापासून पिवळी हवी, आणि पहिल्या महिन्यात दिवसाला तीन-चार वेळा. सव्वा-दीड महिन्यानंतर मात्र काही बाळं तीन-चार दिवस शी करत नाहीत. बाळ खेळतंय, वजन वाढतंय, शी मऊ आहे, तर औषध नको.

इशारा: बाळाला पाणी किंवा गुटी दिली जात असेल तर तुरीचे दाणे खोटं बोलतात. पाण्यानं शू भरपूर होते, वजन मात्र वाढत नाही. म्हणून मोजणीच्या आधी घरातल्या प्रत्येकाला, आजोबांनाही, वेगळं गाठून विचारा: चमच्यानं काही चाटवता का? साखरपाणी, मध, गुटी, जायफळ? मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. आणि नवतपा असो की पारा ४५ वर असो, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी लागत नाही. आईच्या दुधात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात जास्त वेळा पाजा, आणि पाणी आईला द्या.

## टप्पा ४: एक पाजणं डोळ्यांनी बघा

सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न बोलता. आशाताईनं, जावेनं किंवा आईच्या आईनं.

सगळ्यात आधी जागा. आपल्याकडं बाळंतीण बाजेवर पाजते, आणि बाजेची नवार सैल झालेली असते. त्या झोळात बाळ पडलं की मान एकीकडं, पोट छताकडं. मान वळवून पाणी प्यायचा प्रयत्न करा, घोट उतरत नाही. बाळाचंही तेच. आईला भिंतीला पाठ टेकवून बसवा, मांडीवर गोधडीची घडी, बाळ तिच्यावर.

धरायची पद्धत: डाव्या बाजूला पाजायचं असेल तर बाळ उजव्या हातावर. तळहात बाळाच्या खांद्यांमागं, अंगठा आणि बोट कानांच्या मागं, डोकं पुढं ढकलायचं नाही. बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं. कान, खांदा, कंबर एका रेषेत. डाव्या हातानं स्तन खालून धरा, बोटं काळ्या भागापासून लांब. दोन बोटांची कात्री करून धरायची सवय मोडा. तिच्यामुळं दुधाच्या वाटा दाबल्या जातात आणि बाळाच्या तोंडात फक्त बोंडशी (स्तनाग्र) जाते.

मग बोंडशी बाळाच्या वरच्या ओठाला लावा आणि थांबा. जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबा. उघडलं की बाळाला स्तनाकडं आणा, आईनं वाकायचं नाही. हनुवटी आधी टेकली पाहिजे.

बरोबर लागलं का, हे बघा: तोंड रुंद, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनात रुतलेली, नाक मोकळं. काळा भाग वरून जास्त दिसतो, खालून कमी. गाल फुगलेले, खळी पडत नाही. सुरुवातीच्या भरभर चोखण्यानंतर एक-दोन चोखण्यांमागं एक घोट, "क्क... क्क" असा हलका आवाज. चटकचटक आवाज येत असेल, आईला कळ येत असेल, किंवा बाळानं सोडल्यावर बोंडशी चेपलेली, तिरकी दिसत असेल, तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवा आणि पुन्हा लावा. पाच वेळा लागलं तरी चालेल.

नीट लावूनही रोज हेच होत असेल तर बाळ रडताना जीभ बघा. ती हिरडीच्या पुढं येत नसेल, टोकाला खाच पडत असेल, तर जिभेखालचा पडदा आखूड असू शकतो; डॉक्टरला दाखवा.

एक बाजू मऊ होईपर्यंत, बाळ स्वतः सोडेपर्यंत पाजा. स्तन जसा रिकामा होत येतो तसं दूध स्निग्ध होत जातं. घड्याळ लावून पाच-पाच मिनिटांत बाजू बदलली की बाळाला बहुधा पातळ दूधच जास्त मिळतं. बाळ मध्येच नुसतं चाळवायला लागलं तर स्तन तळाकडून हलका दाबा, धार सुटते, घोट पुन्हा सुरू होतात. मग दुसरी बाजू.

## टप्पा ५: सात दिवसांचा वेळापत्रक-बदल

आता दूध वाढवायचं. ते लाडवांनी कमी आणि उपशानं जास्त वाढतं. विहिरीसारखं आहे, जेवढं उपसाल तेवढं झिरपतं.

चोवीस तासांत १० ते १२ वेळा पाजा. आठच्या खाली तर नाहीच. रात्री किमान दोन-तीन वेळा, कारण दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. पहिल्या महिन्यात बाळ तीन तासांपेक्षा जास्त झोपलं तर उठवा: कपडे काढा, तळपाय चोळा. तोंडावर पाणी मारू नका.

झोळी आवरा. बाळ मूठ तोंडात घालतं, जीभ बाहेर काढतं, डोकं वळवून शोधतं, ही भुकेची हाक. आपण झोका देतो आणि ते झोपी जातं. "लई शांत आहे लेकरू" असं जिथं ऐकते, तिथं मी आधी वजन बघते.

दिवसातून तीन-चार वेळा, पाजून झाल्यावर, हातानं दूध काढा. अंगठा वर, बोट खाली, काळ्या भागाच्या कडेला. आधी छातीकडं दाबा, मग बोटं एकमेकांकडं, मग सोडा. कातडीवर घासायचं नाही. हे दूध उकळून ठेवलेल्या स्टीलच्या वाटीत घ्या आणि चमच्यानं पाजा. हेच पहिलं "वरचं दूध".

आईचं ताट: पथ्याच्या नावाखाली नुसता भात आणि पाण्याची चोरी चालत असेल तर ती आज बंद. भाकर, वरण, पालेभाजी, जवसाची चटणी, अंडं चालत असेल तर अंडं, तहानेला पाणी. मेळघाट-गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेत बाळंतिणीला अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण सहा महिने मिळतं. ते चुकवू नका. गुडाखू, नस, खर्रा बंद. तंबाखू दूध कमी करते आणि दुधातून बाळात उतरते. पाळणा लांबवायला माला-एन सुरू केली असेल तर उपकेंद्रातल्या सिस्टरला सांगा, ती पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईसाठी नाही. छाया गोळी चालते.

आणि काम. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई सकाळी आठला जाते, संध्याकाळी पाचला येते, आणि घरचे म्हणतात दूध आटलं. या सात दिवसांत मजुरी बुडवता येत असेल तर बुडवा. नसेल तर निघण्याआधी एकदा पाजा, दूध काढून ठेवा, दुपारी बाळ धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) आणा. काढलेलं दूध साध्या दिवसांत घरात गार जागी चार तास टिकतं. उन्हाळ्यात त्याचा भरवसा धरू नका, तासा-दीड तासात पाजा किंवा शेजारच्या फ्रीजमध्ये ठेवा आणि २४ तासांच्या आत संपवा.

## टप्पा ६: आठव्या दिवशी पुन्हा तोला

तोच काटा, तीच वेळ, उघडं अंग. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला:

- १५० ग्रॅम किंवा जास्त: असंच चालू द्या, दर आठवड्याला तोला.
- १०० ते १५०: आणखी एक आठवडा, पण या वेळी सिस्टरला पाजताना दाखवा. टप्पा ४ मध्ये काहीतरी सुटलेलं असतं.
- १०० च्या खाली: डॉक्टर. दुसरा आठवडा वाट बघायची नाही.

तीन महिन्यांपुढच्या बाळाला १०० ग्रॅमही चालतात. पन्नासच्या आत असेल तर दाखवा.

बाळ महिन्याच्या आतलं असेल तर आठ दिवस थांबू नका, तिसऱ्या दिवशीच डिजिटल काट्यावर बघा.

## टप्पा ७: डॉक्टरकडं रिकाम्या हातानं जाऊ नका

वही, कार्ड आणि तूर-हरभऱ्याचा हिशोब न्या. "दूध कमी आहे" एवढंच सांगितलं तर हातात डब्याची चिठ्ठी पडायची शक्यता जास्त. त्याऐवजी असं सांगा: सात दिवस, रोज अकरा वेळा पाजलं, शू सात, शी चार, वाढ नव्वद ग्रॅम, पाजताना अमुक होतं. मग डॉक्टर पुढचं शोधतात: बाळाच्या लघवीतला जंतुसंसर्ग, हृदयाचा दोष, थायरॉइड, आईचा रक्तक्षय, थायरॉइड, वार पोटात राहिली का. आईबाप दोघंही सिकलसेलचे वाहक असतील तर ते आवर्जून सांगा, बाळाची तपासणी करून घ्या. त्रास बहुधा सहाव्या महिन्यानंतर दिसतो, पण निदान आधी झालेलं बरं.

वरचं दूध द्यायचं ठरलंच तर किती आणि किती दिवस, हे विचारून लिहून घ्या. आधी अंगावर, मग काढलेलं, मग वरचं. वाटी-चमच्यानं, बाटली नको, ती उन्हाळ्यात धुवून उकळून निर्जंतुक ठेवणं आपल्या घरात होत नाही, आणि बाळाला तिची सवय लागते. डबा पुरावा म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त, हे अजिबात नको. डब्यावरचं प्रमाण चमचा सपाट करून पाळा. गाईच्या दुधात अर्धं पाणी घालून दिलेलं मी दर हंगामात बघते, आणि ते लेकरू दिवसभर पोट भरल्यासारखं निजतं, वजन मात्र वाढत नाही.

सलग दोन आठवडे वजन नीट चढलं की डॉक्टरला विचारून वरचं दूध उतरवा. दर तीन दिवसांनी एक वेळ कमी, आधी दिवसातली. दर आठवड्याला तोला. उतरवताना वाढ अडली तर एक पायरी मागं या. ते पूर्ण सुटेपर्यंत तूर-हरभऱ्याच्या वाट्या हलवू नका.